सध्या कोणता सिनेमा बघितलात आणि त्यातलं काय राहिलं? (सोलापूरकरांनो, लिहा)

साखरपेठ

रविवारी दुपारी आई आणि मी मिळून एक सिनेमा बघतो. थिएटरला जाणं वर्षातून दोन-तीनदा, बाकी घरीच. गेल्या रविवारी 'बलगम' बघितला. तेलुगू आहे, २०२३चा, दिग्दर्शक म्हणून वेणू येल्दंडी यांचा पहिलाच. आमच्याकडे उशिरा पोचला, पण चार दिवस झाले डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहायला बसले.

गोष्ट साधी आहे. तेलंगणातल्या एका खेड्यात कोमुरय्या नावाचा म्हातारा वारतो. नातू सायलू कर्जात बुडालेला, लग्न ठरलेलं, हुंड्याच्या पैशावर डोळे लावून बसलेला. मुलं, सुना, दुरावलेली लेक, जावई सगळे जमतात. तिसऱ्या दिवशी पान ठेवतात, कावळा शिवत नाही. पाचव्या दिवशी पुन्हा तेच. गाव कुजबुजायला लागतं. आता अकराव्याला काय होणार? आणि मुलगा आणि जावई यांच्यात कित्येक वर्षांपूर्वी बिनसलंय ते कशावरून, तर पंगतीत मटणातली नळी कुणाच्या ताटात पडली यावरून. हसू येत नाही, कारण असल्याच कारणानं न बोलणारी दोन घरं प्रत्येकाच्या नात्यात असतात.

आई विडी कामगार. पूर्वी रोज हजार वळायची, आता पाठ साथ देत नाही म्हणून पाचशेवर आलीय. सिनेमा बघतानाही सूप मांडीवर, रात्री भिजवून फडक्यात गुंडाळलेली पानं शेजारी, हातात कात्री. तिचं बघणं म्हणजे अर्धं ऐकणंच. पंधरा मिनिटं झाली असतील, मान वर करून म्हणाली, "अगं, हे आपल्यासारखं बोलायलेत." आजोबांचे वडील करीमनगरकडून हातमागावर काम करायला सोलापुरात आले. आम्ही घरात जी तेलुगू बोलतो ती टीव्हीवरच्या तेलुगूसारखी नाही, आणि लहानपणापासून वाटायचं की आपलीच चुकीची आहे. तेलंगणाची बोली सिनेमात ऐकली ती बहुतेक गुंडाच्या नाहीतर हसवणाऱ्याच्या तोंडी. इथं सगळं घर तीच बोली बोलतं, रडतंही त्याच बोलीत.

कावळ्याच्या प्रसंगाला आईची कात्री थांबली. बाबांच्या दिवसांना आमच्याकडे असंच झालं होतं. मी नववीत होते. दीड-दोन तास कावळा फिरकला नाही. शेवटी मोठे काका पुढं झाले आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाले, "पोरींचं शिक्षण मी बघतो." थोड्या वेळानं कावळा शिवला. बाबांनी ते ऐकलं, असंच मी इतकी वर्षं धरून चालले होते. रविवारी आई म्हणाली, "मे महिना होता. त्या उन्हात कावळे कुठून येणार? आभाळ आलं तेव्हा आला." मग दोन पानं कापून झाल्यावर म्हणाली, "पण काकांनी चारचौघांत बोलून दाखवलं ना. मग मागं कसं येतील?" काकांनी माझी आणि धाकटीची बारावीपर्यंतची फी भरली. स्वतःच्या घरात ओढाताण असताना भरली.

हे आई माझ्याशी आजवर बोलली नव्हती. सिनेमा बघितला नसता तर बोललीही नसती.

तर तुम्ही सांगा, अलीकडे काय बघितलंत? किती कोटी कमावले ते पेपरात येतंच. घरी आल्यावर काय राहिलं ते लिहा.

शेंगाचटणी

ताई, 'बलगम' मी दोनदा बघितलाय. शेवटी कथा गाणारं जोडपं आहे ना, मोगिलय्या आणि कोमुरम्मा, ते खरोखरच गावोगाव कथा सांगणारे कलाकार. मोगिलय्या डिसेंबर २०२४मध्ये गेले. मला तेलुगू कामापुरती येते, दुकानात गिऱ्हाइकाशी बोलण्याएवढी. त्या गाण्यातले अर्धे शब्द सुटले, तरी माझ्या बायकोनं आणि मी एकमेकांकडे बघायचं टाळलं.

तेव्हा तेलंगणात गावंच्या गावं रात्री मोकळ्या जागेत पडदा बांधून हा सिनेमा एकत्र बघत होती. त्याचे व्हिडिओ आले होते, चटया टाकून बसलेली माणसं, मांडीवर झोपलेली पोरं. असा सिनेमा तसाच बघायला पाहिजे. मोबाइलवर एकट्यानं बघून त्यातलं निम्मंच मिळतं असं माझं मत आहे.

सतरा नंबर

मी 'आता थांबायचं नाय!' बघितला. २०२५च्या महाराष्ट्र दिनाला आला होता, तेव्हा चुकला, आता बघितला. शिवराज वायचळ दिग्दर्शक. भरत जाधव, सिद्धार्थ जाधव आहेत. मुंबई महापालिकेतले चतुर्थ श्रेणीचे कामगार, सफाईचं काम करणारे, त्यांना एक साहेब दहावीच्या परीक्षेला बसवतो. साहेबाचं काम आशुतोष गोवारीकर यांनी केलंय, शिकवणाऱ्या सरांचं ओम भुतकर यांनी. खऱ्या घटनेवर आहे.

माझं नाव सतरा नंबर का, ते आज सांगतो. आठवीत असताना वडिलांची गिरणी बंद पडली आणि मी मागावर गेलो. टॉवेलच्या कारखान्यात. चौतिसाव्या वर्षी १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसलो. माझ्या थोरल्याची त्या वर्षी सहावी होती.

सिनेमात बाकावर ती मोठमोठी माणसं अवघडून बसतात, ते बघून मला माझा परीक्षेचा वर्ग आठवला. गुडघे बाकाखाली मावत नाहीत. शेजारच्या बाकावर माझ्या पोरापेक्षा थोडी मोठी मुलगी होती, तिनं पहिल्या दिवशी मला पर्यवेक्षकच समजून उभं राहून नमस्कार केला. अभ्यासाचं म्हणाल तर डोक्यात बसत होतं, हात चालत नव्हता. मागावर तुटलेली सुताची तार जोडायला चिमटीत जेवढा जोर लागतो तेवढाच जोर मी पेनावर देत होतो. पहिल्या पेपरला पाऊण तासात अंगठा आखडला. पत्रलेखनाचा प्रश्न येत होता, तरी सोडून द्यावा लागला, कारण हातच उचलेना. दुसऱ्या पेपरच्या आधी रात्री मालकाकडे सुट्टी मागितली ती अभ्यासाला नाही, हाताला विश्रांती म्हणून. हे कुणाला सांगून पटलं नसतं.

सिनेमाचा दुसरा भाग थोडा लांबलाय. सर बोलायला लागले की भाषण होतं, आणि कामगारांच्या घरातल्या बायकांना अजून जागा द्यायला हवी होती. मी अभ्यासाला बसलो तेव्हा आमच्या घरी कांडी भरण्याचं जास्तीचं काम बायकोनं अंगावर घेतलं, दहावी अर्धी तिची आहे. पण भरत जाधव यांना आपण इतकी वर्षं हसवताना बघितलं, ते इथं गप्प बसतात आणि त्यांच्या गप्प बसण्यावर विश्वास बसतो. ज्याला 'आता या वयात काय करायचंय' असं कुणी म्हटलं असेल, त्यानं जरूर बघावा.

साखरपेठ

दादा, गणिताचं काय केलंत?

सतरा नंबर

ताई, गणित सोपं गेलं. मागावर दिवसभर मीटर, डझन आणि हप्त्याचा हिशेब तोंडीच असतो. इंग्रजीत पस्तीस पडले. एकूण ५३ टक्के. गुणपत्रिका भिंतीला लावलीय, पोरांनी लावली.

उजनीकाठ

'पाणी' बघितला का कुणी? आदिनाथ कोठारे यांनी दिग्दर्शन केलंय आणि मुख्य कामही त्यांचंच. नांदेड जिल्ह्यातल्या नागदरवाडीच्या हनुमंत केंद्रे यांची खरी गोष्ट. पर्यावरणाचा राष्ट्रीय पुरस्कार या सिनेमाला २०१९मध्येच जाहीर झाला होता, आणि थिएटरला आला १८ ऑक्टोबर २०२४ला. पाच वर्षं असा सिनेमा डब्यात राहतो याचं वाईट वाटतं.

गावाला पाणी नाही म्हणून मुलगी द्यायला कुणी तयार नाही, तिथून हनुमंताची गोष्ट सुरू होते. पुण्या-मुंबईच्या माणसाला हे सिनेमासाठी रचलंय असं वाटेल. माझ्या बहिणीच्या लग्नाच्या वेळी आमच्याकडून मुलाकडच्यांना विचारलेला तिसरा प्रश्न होता, बोअर आहे का. पहिला नोकरीचा, दुसरा घर स्वतःचं का भाड्याचं याचा. आता भाचीचं बघतायत, तर पाणी किती दिवसांआड येतं हेही विचारतात. शहरात, बरं का.

उजनी भरलं की आपण सगळे फोटो टाकतो, दरवाजे उघडल्याचे व्हिडिओ बघतो. आणि घरी नळाला पाणी चार-पाच दिवसांनी. आमच्या भागात यायचं ते रात्री दीड-दोनला. आई नळाला कान लावून झोपायची म्हटलं तर खोटं नाही. नळातून आधी हवा येते, फुस्स असा आवाज होतो, त्या आवाजाला ती जागी व्हायची, आणि तिच्या मागोमाग आम्ही सगळे. आधी पिण्याचं, मग हौद, मग पिंप, मग बादल्या, मग पातेली. शेवटी तांब्या-पेलेसुद्धा भरून ठेवायचे. लहानपणी मला वाटायचं की सगळ्या जगात पाणी रात्रीच येतं.

म्हणून सिनेमातलं मला काय आवडलं, तर हनुमंत लोकांना जमवायला जातो तेव्हा लोक सहज तयार होत नाहीत हे दाखवलंय. श्रमदानाला या म्हटल्यावर प्रत्येकाला काहीतरी काम निघतं. गाणं लागलं आणि गाव कुदळी घेऊन निघालं असं होत नाही. चर खणल्यावरही पावसाची वाट बघावीच लागते, त्या वाट बघण्याला सिनेमात जागा आहे. प्रेमकथा थोडी गोड झालीय, ती मला कमी चालली असती. पण घरातल्या पोरांना दाखवा. माझ्या पुतण्यानं बघून झाल्यावर विचारलं, "काका, आपल्या गच्चीवरचं पाणी कुठं जातं?" मी त्याला पन्हळीपासून गटारीपर्यंत चालत नेऊन दाखवलं. आता पावसाळ्याआधी पाइप टाकून ते बोअरजवळच्या खड्ड्यात सोडायचं ठरलंय, प्लंबरला बोलावलंय.

निळी चादर

इथं अजून 'छावा'चं नाव कसं आलं नाही? १४ फेब्रुवारी २०२५ला आला आणि पहिल्या आठवड्यात सोलापुरात तिकीट मिळत नव्हतं. मी पाचव्या दिवशी नवऱ्याबरोबर आणि आठ वर्षांच्या मुलाला घेऊन गेले. त्याचीच रुखरुख आहे.

महाराजांची गोष्ट मुलाला कळावी असं मनापासून वाटत होतं. शाळेच्या पुस्तकात संभाजी महाराज दोन पानांत संपतात. विकी कौशलनं जीव ओतलाय, लढाया मोठ्या पडद्यावर बघण्यासारख्या आहेत. पण शेवटचा अर्धा तास माझ्या मुलाला झेपला नाही. तो माझ्या दंडात तोंड खुपसून बसला आणि मधेच विचारत राहिला, "संपलं का?" सगळं थिएटर रडत होतं, घोषणा देत होतं, आणि मी त्याचे कान झाकून बसले होते. घरी आल्यावर तीन रात्री दिवा लावून झोपलो. सिनेमाला यूए १६+ प्रमाणपत्र होतं, ते मी बघायला हवं होतं. तिकीट काढताना आमच्या पुढं-मागं इतकी लहान मुलं होती की मनात आलंच नाही. आईबापांनो, बघून घ्या.

दुसरं म्हणजे संगीताचा आवाज. संवाद चालू असताना मागून इतकं वाजतं की शब्द बुडतात. मला सगळ्यात लक्षात राहिला तो अक्षय खन्नाचा औरंगजेब, कारण तो हळू बोलतो आणि बोलता बोलता विणत बसलेला असतो. आमच्या घरात चार पिढ्या विणणाऱ्यांच्या. विणणाऱ्याचे हात किती शांत असतात ते आम्ही रोज बघतो. त्या हातांची भीती वाटावी असं या माणसानं केलं.

माचणूरकर

ताई, मुलाचं वाचून वाईट वाटलं, आणि तुमचं १६+चं म्हणणं बरोबर आहे. पण शेवट सौम्य करायला हवा होता असं कुणी म्हणत असेल तर मला पटत नाही. ११ मार्च १६८९ला तुळापूरला जे झालं ते तसंच क्रूर होतं. ते झाकून सांगितलं तर महाराजांनी काय सोसलं ते कळणार कसं? मोठ्यांनी बघावं, लहानांना घरी ठेवावं, एवढंच.

मला सिनेमात एक गोष्ट कमी वाटली. महाराज गेल्यावर काय झालं ते फारसं येत नाही. आणि ते तर आपल्या जिल्ह्यातच घडलंय. मंगळवेढा तालुक्यात भीमेच्या काठी ब्रह्मपुरीला औरंगजेबाची छावणी १६९५ ते १६९९ अशी चार वर्षं होती. माचणूरला सिद्धेश्वराच्या देवळाजवळ किल्ल्याचे अवशेष आजही आहेत. राजाला मारलं की मराठे संपतील म्हणून आलेला बादशहा दक्षिणेतून परत गेलाच नाही, अहमदनगरला १७०७ साली मेला. मी गावातली पोरं घेऊन किल्ल्यावर जातो तेव्हा नदीकडं बोट करून सांगतो, त्याचा तळ इथं होता आणि एवढी फौज असून त्याला झोप नव्हती. पोरं सिनेमातलं सगळं विसरतात पण ती भिंत विसरत नाहीत. एकदा मुलाला घेऊन या. सोलापूरहून तासाभराचा रस्ता आहे. संध्याकाळी या, घाटावर पाणी छान असतं.

निळी चादर

दादा, नक्की येऊ. तो आता तलवारीची चित्रं काढतो, म्हणजे भीती गेलीय.

बाळीवेस

मी पंचाहत्तरीचा माणूस, नवे सिनेमे फारसे बघत नाही. पण गेल्या महिन्यात नातवानं मोबाइलवर 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' लावून दिला. १९४६चा, व्ही. शांताराम यांचा. स्वतः शांतारामबापू डॉक्टर झालेत आणि जयश्रीबाई त्यांची चिनी पत्नी.

नातू इंजिनिअरिंगला आहे, रोज त्याच चौकातून जातो, त्याला कोटणीस स्मारक माहीत होतं पण माणूस माहीत नव्हता. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९१०मध्ये आपल्या सोलापुरात जन्मले. १९३८ला पाच डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, जपानशी युद्ध चालू होतं, त्यात हे होते. बाकीचे परत आले, हे तिथंच राहिले. तिथल्या परिचारिकेशी लग्न केलं, मुलगा झाला. त्याचं नाव इनहुआ, म्हणजे एका अक्षरात भारत आणि दुसऱ्यात चीन. ९ डिसेंबर १९४२ला डॉक्टर तिथंच गेले, बत्तीस वर्षांचे होते. चार वर्षांत त्यांच्यावर सिनेमा आला. त्या काळात, फिल्म मिळायची मारामार असताना!

आजच्या डोळ्यांना काही गोष्टी खटकतील. चिनी माणसं म्हणून आपलेच नट उभे केलेत. गाणी गोड आहेत पण युद्धाच्या मधोमध येतात. नातू पहिली वीस मिनिटं चुळबुळ करत होता. मग डॉक्टर रुग्णांवरून उठेनासा झाला तसा तोही गप्प झाला. संपल्यावर मला म्हणाला, "आजोबा, ह्यांना परत यायचं नव्हतं का?" मला उत्तर देता आलं नाही. मी एवढंच सांगितलं की त्यांच्या आईला नातवाला कडेवर घेता आलं असतं तर बरं झालं असतं.

हा सिनेमा मी प्रथम बघितला तो लहानपणी, जत्रेतल्या तंबूत. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत तंबू लागायचे, खाली बारदान, पडद्याच्या एका बाजूला पुरुष आणि दुसऱ्या बाजूला बायका. रीळ बदलायला पाच मिनिटं दिवे लागायचे तेवढ्यात शेंगा विकणारा पोरगा फिरायचा. डॉक्टर सोलापूरचा आहे म्हटल्यावर तंबूत शिट्ट्या झाल्या होत्या. माझ्या वडिलांनी मला खांद्यावर घेतलं होतं. शेंगाचटणी म्हणाले तशी माणसं एकत्र बसून बघायची, ते मी पाहिलेलं आहे.

जाता जाता, शशिकलाबाईसुद्धा आपल्या सोलापूरच्याच. एप्रिल २०२१मध्ये गेल्या. खलनायिका म्हणून लोकांनी त्यांना शिव्या घातल्या, यापेक्षा मोठी पावती नटीला कोणती हवी.

सीमेवरचा

अक्कलकोट तालुक्यातून लिहितोय. आमच्या घरात कन्नड, शाळेत मराठी, बाजारात दोन्ही. 'कांतारा चॅप्टर १' दसऱ्याला, २ ऑक्टोबर २०२५ला आला. आजीला पहिला 'कांतारा' घरी दाखवला होता तेव्हापासून तिनं धरलं होतं की पुढचा थिएटरला बघायचा. आजीला हिंदी येत नाही. जवळ जिथं जमत होतं तिथं हिंदीतला खेळ होता, म्हणून गाडी करून विजापूरला गेलो. दोन्ही वेळचा प्रवास धरून दिवस गेला. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला घेऊन सिनेमासाठी एवढं कोण करतं असं शेजारचे म्हणाले.

मला स्वतःला पहिला भाग जास्त आवडलेला. त्यात गाव होतं, जमिनीचं भांडण होतं, कंबळा म्हणजे चिखलातली रेड्यांची शर्यत होती. हा कदंबांच्या काळातला, राजवाडे, लढाया, सगळं फार मोठं. भव्य आहे, रिषभ शेट्टींनी प्रचंड मेहनत घेतलीय, पण मोठेपणात माणसं लहान होतात. मध्यंतरापर्यंत माझं मन लागलं नाही.

आजीचं वेगळं. किनारपट्टीची कन्नड तिला अर्धीच कळत होती. पण दैवाची, म्हणजे अंगात येणाऱ्या तिकडच्या देवाची, आरोळी झाली तेव्हा तिनं चप्पल काढली. थिएटरात, खुर्चीत बसल्या बसल्या, दोन्ही पायांतून चप्पल काढून बाजूला सारली आणि हात जोडले. तिच्या बाजूची मंगळूरकडची वाटणारी बाई तिच्याकडे बघत होती, मग तिनंही काढली. काही लोक तेव्हा दैवाचा वेष करून थिएटरात येत होते, तसं करू नका असं निर्मात्यांना सांगावं लागलं होतं. त्यांना कुणीतरी आजीच्या शेजारी बसवायला हवं होतं.

परतीच्या वाटेवर ती म्हणाली, "देव आपला नाही, पण येणं तसंच आहे." आमच्या आईच्या अंगात यायचं, ते तिला आठवलं असणार. मी पुढं विचारलं नाही.

करमाळा

मी नवीन काही नाही, 'फँड्री' परत बघितला. नागराज मंजुळे आमच्या तालुक्यातले, जेऊरचे. २०१४ला थिएटरला बघितला तेव्हा मी कॉलेजात होतो. आता शिक्षक आहे.

तेव्हा नायक जब्याकडे बघितलं होतं, या वेळी त्याच्या बापाकडे बघत बसलो. किशोर कदम यांचा कचरू. डुक्कर पकडायची झटापट चाललेली असते, शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं आणि ते सगळं कुटुंब जागच्या जागी उभं राहतं. डुक्कर निघून जातं तरी उभं राहतं. रोज सकाळी मी परिपाठाला पोरांसमोर उभा असतो. आता राष्ट्रगीत सुरू झालं की माझं लक्ष कुंपणाच्या बाहेर जातं, तिथं कोण उभं आहे, कोण काम थांबवून उभं आहे. वर्गात मागच्या बाकावर बसणारी दोन मुलं पुढं आणली. त्यांना मागं कुणी बसवलं नव्हतं, ती आपली आपण मागं बसत होती, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. सिनेमातल्या वर्गात असंच एक पोरगं मी पाहत होतो आणि माझ्या वर्गातलं दिसत नव्हतं.

बोलीबद्दल साखरपेठ ताईंनी लिहिलं ते आमच्याकडेही तसंच. आमच्यासारखं बोलणारा नायक पडद्यावर पहिल्यांदा बघितला तो त्यातच.

जुळे सोलापूर

'दशावतार' बघितला. सुबोध खानोलकर यांचा, सप्टेंबर २०२५. दिलीप प्रभावळकर ऐंशी पार केलेले, आणि कोकणातला दशावतारी कलाकार असा काही उभा केलाय की मेकअप, वेष, सगळ्याच्या आत तो थकलेला बाप दिसत राहतो. डोळे अधू होत चाललेत आणि रंगमंच सुटत नाही. उत्तरार्धात बदल्याची गोष्ट झाली तिथं मला जरा परका वाटला, पण त्यांच्यासाठी परत बघेन.

तक्रार खेळाच्या वेळेची आहे. पहिल्या आठवड्यात आम्हाला सोयीचा एकच खेळ मिळाला, तोही सकाळी साडेनऊचा. नोकरी करणाऱ्या माणसानं कसं जायचं? शनिवारी रजा टाकून गेलो तर हॉल भरलेला, बाहेर लोक परत जात होते. गर्दी आहे तर संध्याकाळचा खेळ द्या ना. मी खिडकीवर वहीत लिहून आलो, आणखी चौघांकडून लिहून घेतलं. पुढच्या शुक्रवारी संध्याकाळचा एक खेळ लागला. आमच्यामुळेच लागला का ते सांगता येत नाही, पण लिहावं सगळ्यांनी.

सतरा नंबर

साखरपेठ ताई, तुमचं वाचून माझ्या आईला 'बलगम' दाखवायचाय. माझ्या मामाशी आमचं बोलणं नाही, कारण सांगत नाही, नळीपेक्षा मोठं नाही. अडचण अशी की आईला तेलुगू येत नाही आणि खालची अक्षरं वाचता येत नाहीत. मी वाचून दाखवायला गेलो तर मलाच रडू येईल आणि आवाज राहणार नाही.

साखरपेठ

दादा, त्यांना आमच्याकडे घेऊन या. मी शेजारी बसून मराठीत सांगत जाईन, आई पण आहेच, तिला तर सगळे संवाद पाठ व्हायला आलेत. रविवारी दुपारी दोनला बसू. शेंगाचटणी दादा, वहिनींना घेऊन तुम्हीही या. बाळीवेस काका, तुम्ही जिना चढू शकत असाल तर या, आम्ही पहिल्या मजल्यावर आहोत, नाहीतर खाली अंगणात चादर बांधून पडदा करू. शेजारच्या पोराकडे प्रोजेक्टर आहे.

बाळीवेस

अंगणात करा पोरी. अंधार पडल्यावर लावा, दुपारी पडद्यावर काही दिसणार नाही. बसायला सतरंज्या मी पाठवतो.

सतरा नंबर

ताई, रविवारी रात्री आमच्याकडे नळाला पाणी येतं, आई घर सोडणार नाही. सोमवारी चालेल का? सोमवारी मला पहिली पाळी आहे, संध्याकाळी मोकळा आहे.

साखरपेठ

सोमवारी सात वाजता. आईला सांगितलंय, ती त्या दिवशीच्या विड्या दुपारीच उरकणार आहे.